कार्ड व्हीएममध्ये दिसतं, पण चालत नाही: जुन्या लिनक्स मशीनवर पासथ्रू दुरुस्त करताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून सकाळी साडेसातला फोन आला. "ताई, स्पेक्ट्रोचा पीसी गेला. भट्टीत मेटल तयार हाय, रिपोर्ट मिळाल्याबिगर ओतता येत न्हाई." स्पेक्ट्रो म्हणजे नमुन्यावर ठिणगी पाडून त्यातला कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, सल्फर, फॉस्फरस मोजणारं यंत्र. यंत्राला काहीही झालं नव्हतं. त्याच्या शेजारचा २००५ सालचा पीसी मेला होता, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून फुटले होते. हार्ड डिस्क शाबूत होती. यंत्राशी बोलणारं, मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणारं पीसीआय कार्डही ठणठणीत होतं, पण त्याचा ड्रायव्हर फक्त विंडोज एक्सपीसाठी आहे आणि पुढचा कधी निघालाच नाही.

अशा ठिकाणी मी पूर्वी तसाच दुसरा जुना पीसी शोधून आणायचे. आता तसे बोर्ड मिळत नाहीत, मिळाले तरी तेही म्हातारे. म्हणून गेली काही वर्षं मी एकच पद्धत धरली आहे. ऑफिसांतून निघालेला, पीसीआय स्लॉट असलेला, इंटेलच्या तिसऱ्या पिढीचा डेस्कटॉप घ्यायचा, त्यावर डेबियन लिनक्स आणि व्हर्च्युअल मशीन चालवणारं केव्हीएम टाकायचं, एक्सपीची डिस्क जशीच्या तशी व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला पीसी) न्यायची आणि कार्ड सरळ त्या व्हीएमच्या हातात द्यायचं. हार्डवेअर थेट गेस्टच्या, म्हणजे व्हीएमच्या आतल्या सिस्टमच्या, ताब्यात देणं, हाच पासथ्रू. यात एक्सपीची सगळी दुनिया एका फाइलमध्ये येते. ती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवली की उद्या होस्ट, म्हणजे खालचा खरा पीसी, मेला तरी तसाच दुसरा डबा आणून अर्ध्या तासात काम सुरू होतं.

पण पासथ्रू पहिल्या झटक्यात चालला असं जुन्या मशीनवर क्वचितच होतं. आणि बहुतेक जण चूक शोधायला एक्सपीच्या आत शिरतात, ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसतात. माझा आग्रह उलटा आहे. प्रोसेसर, बायोस, कर्नल (लिनक्सचा गाभा), ग्रुप (एकत्रच देता येणारी उपकरणं), इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला मारलेली हाक) अशी पायाकडून वर एकेक पायरी तपासा आणि खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या पायरीला हात लावू नका.

आज्ञा मी इथे फोनवर सांगते तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. मशीनवर त्या नेहमीसारख्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

आधी एक प्रश्न: पासथ्रू खरंच लागतो का?

यंत्र यूएसबीने जोडलेलं असेल तर पुढचं बरंचसं वाचायची गरज नाही. यूएसबीचं एकेक उपकरण गेस्टला द्यायला आयओएमएमयू (कार्डाच्या मेमरी-वापरावर पहारा ठेवणारा भाग, पुढे येईलच) लागत नाही. होस्टचं कर्नल ते उपकरण व्हीएम चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रामच्या हवाली करतं आणि ते गेस्टला दाखवतं. त्यामुळे आयओएमएमयू नसलेल्या मशीनवरही हे चालतं. फक्त उपकरण बस आणि पत्त्याच्या आकड्यांनी जोडू नका. डाँगल काढून पुन्हा लावला की पत्ता बदलतो आणि व्हीएमला तो सापडत नाही. व्हेंडर आणि प्रॉडक्टच्या क्रमांकाने जोडा, ते बदलत नाहीत. लिबव्हर्ट या व्हीएम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एक्सएमएल फाइलमध्ये त्या उपकरणाच्या सोर्सला "स्टार्टअपपॉलिसी=ऑप्शनल" द्या. म्हणजे डाँगल कुणी काढून खिशात घातला असला तरी व्हीएम निदान सुरू होते.

सिरियल पोर्टचंही तसंच. वजनकाटा, गेज, जुना पीएलसी (यंत्राचा कंट्रोलर) हे सगळं कॉम पोर्टवर बोलत असेल, तर होस्टचा टीटीवायएस० हा पोर्ट व्हीएमला सिरियल उपकरण म्हणून देता येतो. एक्सपीला तो कॉम१ दिसतो. यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर वापरत असाल तर टीटीवाययूएसबी० या नावावर विसंबू नका, दुसरा कन्व्हर्टर लावला की क्रमांक उलटेसुलटे होतात. "/डेव्ह/सिरियल/बाय-आयडी" या फोल्डरमधलं लांबलचक नाव द्या.

उरलं ते पीसीआय किंवा पीसीआय एक्सप्रेस कार्ड. तिथे खरा पासथ्रू लागतो.

प्रोसेसर, चिपसेट, बायोस आणि एक छोटी बॅटरी

व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हीटी-एक्समुळे व्हीएम वेगाने चालते. व्हीटी-डी म्हणजे इंटेलचं आयओएमएमयू. कार्ड मेमरीत कुठे लिहू शकतं यावर ते पहारा ठेवतं आणि गेस्टचे मेमरी-पत्ते होस्टच्या खऱ्या पत्त्यांत बदलून देतं. त्याच्याशिवाय कार्ड गेस्टला देता येत नाही. "व्हर्च्युअलायझेशन आहे ना, मग झालं" असं विकणारा म्हणतो तेव्हा तो व्हीटी-एक्सबद्दल बोलत असतो.

जुन्या इंटेल मशीनमध्ये व्हीटी-डी तीन ठिकाणी हवं: प्रोसेसरमध्ये, चिपसेटमध्ये आणि बायोसमध्ये. आय५-२४००, आय५-३४७०, आय५-४५७० यांत ते आहे. गंमत अशी की महागड्या "के" मॉडेलांत, म्हणजे २५००के, २६००के, ३७७०के, ४७७०के यांत, ते नाही. ४६९०के आणि ४७९०के आले तेव्हा ते मिळालं. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या डेस्कटॉप आय३मध्येही ते नाही. चिपसेट क्यू६७, क्यू७७ किंवा क्यू८७ असला की मी निर्धास्त असते, कारण ते कंपन्यांच्या ऑफिसांसाठीचे चिपसेट आणि त्यांत व्हीटी-डी अधिकृतपणे आहे. एच६१च्या वाटेला मी जात नाही. माझी आवडती जोडी क्यू७७ आणि आय५-३४७०, कारण क्यू७७मध्ये जुना पीसीआय बसही चिपसेटमध्येच आहे. एएमडीकडे त्या काळात ९९०एफएक्स चिपसेटच्या बोर्डांत आयओएमएमयू मिळायचं.

बायोसमध्ये पर्यायाचं नाव दर कंपनीचं वेगळं. कुठे "व्हीटी फॉर डायरेक्ट आय/ओ", कुठे "व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी डायरेक्टेड आय/ओ", कुठे नुसतं "व्हीटी-डी". काही ठिकाणी तो सिक्युरिटीच्या पानात दडलेला असतो. चालू केल्यावर नुसतं रीस्टार्ट करू नका. मशीन बंद करा, वायर काढा, दहा सेकंद थांबा, मग लावा.

आणि सीआर२०३२ सेल बदला. दहा-बारा वर्षांच्या मशीनमधला तो सेल जवळजवळ नक्की संपलेला असतो. वीज पूर्ण गेली की बायोस मूळ सेटिंगवर जातं, व्हीटी-डी बंद होतं आणि काल चाललेली व्हीएम आज सुरूच होत नाही. गोकुळ शिरगावच्या एका वर्कशॉपमध्ये मी अशीच एक अख्खी दुपार घालवली होती. कर्नल अपडेट झाल्यामुळे बिघडलं असं समजून मी कर्नल मागे नेला, मॉड्यूलच्या फाइली पुन्हा लिहिल्या. शेवटी घड्याळाकडे लक्ष गेलं, तारीख २०१२ची होती. तेव्हापासून मशीन हातात आलं की सेल आधी बदलते, बाकी सगळं नंतर.

कर्नल काय म्हणतंय

"/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब" या बूटलोडरच्या फाइलमध्ये लिनक्सच्या ओळीत हे दोन शब्द घाला:

इंटेल_आयओएमएमयू=ऑन आयओएमएमयू=पीटी

मग "अपडेट-ग्रब" आणि रीस्टार्ट. एएमडीवर बायोसमध्ये चालू असलं की कर्नल आपणहून घेतं, पहिला शब्द लागत नाही. त्यानंतर डीमेसग, म्हणजे कर्नलची नोंदवही, बघा:

डीमेसग | ग्रेप -ई डीएमएआर -ई आयओएमएमयू

इथे एक फसवी ओळ आहे. "डीएमएआर: आयओएमएमयू एनेबल्ड" दिसलं की लोक खूश होतात. ती ओळ तुम्ही ग्रबमध्ये शब्द घातला एवढंच सांगते. व्हीटी-डी नसलेल्या मशीनवरही ती दिसू शकते. खरी खूण म्हणजे पुढे येणारी "इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी फॉर डायरेक्टेड आय/ओ" ही ओळ आणि "/सिस/कर्नल/आयओएमएमयू_ग्रुप्स" या फोल्डरमध्ये दिसणारे क्रमांक. तो फोल्डर रिकामा असेल तर थांबा आणि बायोसकडे परत जा. पुढचं काहीही करून उपयोग नाही.

शब्द घातल्यावर स्क्रीन काळी पडली किंवा चित्र फाटायला लागलं, तर पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या आतल्या ग्राफिक्सचं आणि आयओएमएमयूचं पटत नसण्याची शक्यता मोठी. "इंटेल_आयओएमएमयू=ऑन,आयजीएफएक्स_ऑफ" असं लिहा. आतल्या ग्राफिक्सला आयओएमएमयूतून सूट मिळते, बाकी उपकरणं तशीच राहतात.

इंटरप्ट तपासून योग्य जागी वळवणाऱ्या रीमॅपिंगची आणखी एक ओळ शोधा, "डीएमएआर-आयआर: एनेबल्ड आयआरक्यू रीमॅपिंग". ती नसेल तर व्हीएम सुरू करताना "नो इंटरप्ट रीमॅपिंग सपोर्ट" असा निरोप येईल आणि सोबत "अलाव_अनसेफ_इंटरप्ट्स" वापरा असा सल्लाही. एक्स५८ आणि त्याच्या सर्व्हर भावंडांत, ५५०० आणि ५५२० चिपसेटच्या ठरावीक आवृत्त्यांत, हे रीमॅपिंग चिपमध्येच सदोष आहे आणि कर्नल ते वापरत नाही. एएमडीच्या जुन्या बोर्डांत बायोसच्या तक्त्यात नोंद चुकलेली असली तरी हाच निरोप येतो. उपाय म्हणून "/ईटीसी/मॉडप्रोब.डी" मध्ये एक फाइल करून ही ओळ लिहायची (व्हीएफआयओ म्हणजे कार्ड गेस्टच्या हाती देणारा कर्नलचा भाग):

ऑप्शन्स व्हीएफआयओ_आयओएमएमयू_टाइप१ अलाव_अनसेफ_इंटरप्ट्स=१

अनसेफ कशासाठी म्हटलंय ते समजून घ्या. गेस्टमधला वाईट हेतूचा प्रोग्राम कार्डाकरवी खोटे इंटरप्ट होस्टवर पाठवू शकतो. तुमच्या फाउंड्रीची, नेटवर्कपासून तोडलेली एक्सपी असेल तर मी हे स्वीकारते. परक्या माणसाला भाड्याने दिलेल्या व्हीएमसाठी स्वीकारणार नाही.

ग्रुप

आयओएमएमयू एका ग्रुपमधल्या उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ओळखू शकत नाही. म्हणून सगळा ग्रुप एकाच व्हीएमला जातो किंवा कुणालाच जात नाही. पीसीआय एक्सप्रेसमध्ये प्रत्येक स्लॉट सहसा वेगळा ओळखू येतो. जुन्या पीसीआयचं तसं नाही. एका ब्रिजमागची सगळी पीसीआय कार्डं एकाच नावाने बाहेर येतात, त्यामुळे ती एकाच ग्रुपमध्ये पडतात. स्पेक्ट्रोच्या कार्डाशेजारी कुणी जुनं पीसीआय लॅन कार्ड लावून ठेवलं असेल आणि होस्ट ते वापरत असेल, तर "ग्रुप इज नॉट व्हायेबल" येईल. लॅन कार्ड काढा. त्याला पर्याय शोधत बसू नका. ग्रुपमध्ये ब्रिज स्वतः दिसला तर घाबरायचं कारण नाही, तो होस्टकडेच राहतो.

एसीएस ओव्हरराइड नावाचा पॅच तुम्हाला कुणीतरी सुचवेल. तो मूळ कर्नलमध्ये नाही, प्रॉक्समॉक्स (व्हीएमसाठीचं लिनक्स) आणि झेन यांच्या बदललेल्या कर्नलमध्ये आहे. कर्नलला तो "ही उपकरणं वेगळी आहेत असं मान" म्हणून सांगतो, हार्डवेअर मात्र आहे तसंच राहतं. पीसीआय एक्सप्रेस कार्डांसाठी नाइलाजाने वापरणारे आहेत. साध्या पीसीआय ब्रिजमागच्या कार्डांना त्याचा उपयोग नाही, कारण तिथे वेगळी ओळखच नसते.

कार्ड व्हीएफआयओकडे

एलएसपीसीआय -एनएनके

या आज्ञेत कार्डाचा पत्ता, व्हेंडर-प्रॉडक्टचा क्रमांक आणि "कर्नल ड्रायव्हर इन यूज" ही ओळ मिळते. आमच्या कार्डाचा पत्ता ०३:००.० आणि क्रमांक १०बी५:९०५०. हा क्रमांक पाठ करून ठेवण्यासारखा आहे. १०बी५ म्हणजे पीएलएक्स आणि ९०५० म्हणजे त्यांची पीसीआय ब्रिज चिप. मोजमापाची आणि कंट्रोलची कितीतरी जुनी कार्डं वेगवेगळ्या नावांनी विकली गेली, आत मात्र हीच चिप. पुढच्या दोन्ही अडचणी तिच्यापायीच आल्या.

ड्रायव्हरची ओळ रिकामी असेल, तर लिबव्हर्टमध्ये "ॲड हार्डवेअर", "पीसीआय होस्ट डिव्हाइस" एवढं पुरतं. व्हीएम सुरू होताना लिबव्हर्ट स्वतः कार्ड व्हीएफआयओ-पीसीआयकडे देतं. होस्टचा ड्रायव्हर कार्ड धरून बसला असेल तर मात्र मॉडप्रोबच्या फाइलमध्ये "ऑप्शन्स व्हीएफआयओ-पीसीआय आयडीज=" पुढे क्रमांक लिहून "अपडेट-इनिटरॅमएफएस -यू" चालवा. सारखीच दोन कार्डं असली की हा मार्ग दोन्ही पकडतो. तेव्हा पत्त्यावरून एकालाच बांधणारं "ड्रायव्हर_ओव्हरराइड" वापरा. जुन्या लेखांत "व्हीएफआयओ_व्हर्कएफडी" हे मॉड्यूल यादीत घालायला सांगतात. ६.२ कर्नलपासून ते वेगळं राहिलेलं नाही, त्याच्या नावाने चूक दिसली तर ती ओळ काढून टाका.

इंटरप्ट, आणि खरी अडचण

आता व्हीएम सुरू केली आणि क्यूईएमयूने सांगितलं: "डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी". ग्रुप बरोबर, ड्रायव्हर व्हीएफआयओचा, तरी बिझी. अशा वेळी होस्टचा डीमेसग बघायचा. त्यात होतं:

जेनआयआरक्यू: फ्लॅग्ज मिसमॅच आयआरक्यू १६. ०००००००० (व्हीएफआयओ-आयएनटीएक्स) व्हर्सेस ००००००८० (ईएचसीआय_एचसीडी:यूएसबी१)

ही एक ओळ नीट वाचली की सगळं उलगडतं. जुन्या पीसीआयमध्ये इंटरप्टच्या तारा मोजक्या असतात आणि एकाच तारेवर अनेक उपकरणं बसतात. वाड्यातल्या चार बिऱ्हाडांना एकच घंटा असावी तसं. घंटा वाजली की प्रत्येकाने दारात जाऊन आपलं कुणी आलंय का बघायचं. होस्टच्या ड्रायव्हरांना ही सवय आहे. पण कार्ड गेस्टच्या ताब्यात असताना "ही घंटा माझ्या कार्डाने वाजवली का" हे होस्टला कार्डाच्या आतल्या रजिस्टरांवरून (छोट्या नोंद-कप्प्यांवरून) कळत नाही. पीसीआय २.३ या मानकात यावर उत्तर आलं. प्रत्येक कार्डाला एक ठरावीक स्टेटस बिट आणि घंटा गप्प करणारा एक बिट मिळाला. व्हीएफआयओ हेच दोन बिट वापरून तार वाटून घेतं. पीएलएक्स ९०५० त्याच्या आधीची चिप, तिच्यात हे बिट नाहीत. मग व्हीएफआयओ म्हणतं, तार मला एकट्यालाच हवी. म्हणून पहिला आकडा शून्य. यूएसबी कंट्रोलर म्हणतो, मी वाटून घेत बसलोय. म्हणून ८०. दोघांचं जमत नाही.

नव्या कार्डांत हा प्रश्न येत नाही, कारण ती एमएसआय वापरतात, त्यात इंटरप्ट निरोप म्हणून जातो, तार लागतच नाही. पण एक्सपीला एमएसआय येत नाही, ते विंडोजमध्ये व्हिस्टापासून आलं. म्हणजे एक्सपी गेस्ट असेल तर कार्ड नवं असलं तरी तारेवरच येणार. हे लक्षात ठेवा.

उपाय तीन, या क्रमाने करा. "/प्रॉक/इंटरप्ट्स" वाचा आणि त्या तारेवर आणखी कोण आहे ते बघा. मशीनमध्ये दुसरा पीसीआय स्लॉट असेल तर कार्ड तिकडे हलवा, स्लॉटनुसार तारांची जोडणी फिरवलेली असते आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच सुटतं. आमच्या डब्यात एकच स्लॉट होता. मग त्या तारेवरच्या दुसऱ्याला उठवायचं. क्यू७७मध्ये यूएसबी २चे दोन कंट्रोलर असतात, ००:१ए.० आणि ००:१डी.०. आमच्याकडे पहिला १६वर होता, दुसरा २३वर. शिवाय यूएसबी ३चा वेगळा कंट्रोलर आहेच. कीबोर्ड आणि माउस निळ्या पोर्टांत हलवले आणि रूट म्हणून हे चालवलं:

एको ०००० :००:१ए.० > /सिस/बस/पीसीआय/ड्रायव्हर्स/ईएचसीआय-पीसीआय/अनबाइंड

(शून्यांनंतर जागा सोडायची नाही, इथे वाचायला सोपं जावं म्हणून सोडली आहे.) व्हीएम तत्काळ सुरू झाली आणि एक्सपीच्या डिव्हाइस मॅनेजरमधलं पिवळं चिन्ह गेलं. तारेवर डिस्कचा कंट्रोलर असता तर त्याला उठवता आलं नसतं. तशा मशीनचा नाद सोडून मी दुसरं मशीन घेते.

याच्या उलटही होतं. कार्ड हे बिट आहेत असं सांगतं, पण ते नीट चालत नाहीत. तेव्हा व्हीएम सुरू होते आणि थोड्या वेळाने होस्टवर "आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड" येतं, तार बंद पडते, तिच्यावरचे यूएसबी पोर्टही मरतात. व्हीएफआयओ-पीसीआयला "नोआयएनटीएक्समास्क=१" द्या. मग ते तार फक्त स्वतःसाठी मागतं आणि तुम्ही वरच्याच उपायावर येता.

कार्ड चालतंय, आकडे चुकताहेत

ड्रायव्हर चढला, सॉफ्टवेअर उघडलं, पण यंत्राची स्थिती शून्य. पीएलएक्स ९०५०च्या सुरुवातीच्या चिपांत एक ज्ञात दोष आहे. तिच्या कंट्रोल रजिस्टरांचा पत्ता अशा जागी पडला की त्यात सातवा बिट १ आहे, तर रजिस्टरं वाचताच येत नाहीत. कुठला पत्ता मिळतो ते होस्टचं बायोस ठरवतं. जुन्या पीसीत पत्ता सुदैवाने बरोबर पडलेला होता, नव्यात नाही.

त्यातच दुसरी गोष्ट. ती रजिस्टरं जेमतेम १२८ बाइटची. मेमरीचं पान ४०९६ बाइटचं. पान पूर्ण आपलं नसेल तर व्हीएफआयओ ते गेस्टला थेट देत नाही. प्रत्येक वाचन क्यूईएमयूच्या हातून फेरी मारून होतं आणि वेग पडतो. मोजमापाच्या कार्डाला हे बाधतं. दोन्हींवर एकच औषध, ग्रबच्या ओळीत:

पीसीआय=रिसोर्स_अलाइनमेंट=०३:००.०

याने कर्नल त्या कार्डाचे मेमरी पत्ते पानाच्या सुरुवातीला नेऊन ठेवतं. सातवा बिट आपोआप शून्य होतो आणि पानही त्या कार्डाचं एकट्याचं होतं. झालं की नाही ते "एलएसपीसीआय -व्हीव्ही" मध्ये मेमरीच्या ओळीवरून कळतं, पत्त्याचे शेवटचे तीन अंक शून्य हवेत.

एक्सपीच्या बाजूने

इथे फार वेळ घालवायची गरज नसते. मशीनचा प्रकार आय४४०एफएक्स निवडा, क्यू३५ नको. आधीचं चिपसेट एक्सपीला ओळखीचं आहे आणि कार्ड साध्या पीसीआय बसवर बसतं. डिस्क आयडीई म्हणून जोडा. व्हर्टआयओ (व्हीएमसाठीचा खास डिस्क प्रकार) दिलंत तर निळ्या पडद्यावर शेवटी ७बी येईल, म्हणजे बूट डिस्कच सापडली नाही. जुनी डिस्क आधी डीडीरेस्क्यूने पूर्ण उतरवून घ्या. मूळ डिस्क कागदात गुंडाळून तारीख लिहून ठेवा आणि प्रयोग फक्त प्रतीवर करा. सुरुवातीला नेटवर्क देऊच नका. रिपोर्ट बाहेर काढायला होस्टपुरतं बंदिस्त नेटवर्क पुरतं.

पासथ्रू असलेल्या व्हीएमची सगळी मेमरी होस्टवर अडकून राहते, कारण कार्ड कधीही कुठेही लिहू शकतं. ८ जीबीच्या होस्टवर एक्सपीला १ जीबी दिली की कुणालाच त्रास नाही. क्यूईएमयू हाताने चालवणाऱ्यांना "कॅनॉट अलोकेट मेमरी" दिसलं तर मेमलॉकची (अडकवून ठेवता येणाऱ्या मेमरीची) मर्यादा वाढवायची. लिबव्हर्ट ते स्वतः करतं.

ग्राफिक्स कार्डासाठी आलेल्यांना थोडक्यात

हा माझा रोजचा विषय नाही, पण मुलं विचारतात. जुन्या कार्डाच्या रॉममध्ये यूईएफआयचा भाग नसेल तर ओव्हीएमएफवर (व्हीएमच्या यूईएफआयवर) चित्र येणार नाही, सीबायोस (व्हीएमचं जुन्या पद्धतीचं बायोस) वापरा. डीमेसगमध्ये "बार... कान्ट रिझर्व्ह" दिसलं तर होस्टच्या बूट स्क्रीननेच कार्डाची मेमरी धरली आहे. होस्टला आतलं ग्राफिक्स पहिलं करा, तो उत्तम उपाय. एनव्हिडियाचा कोड ४३ (व्हीएममध्ये ड्रायव्हर न चालण्याची चूक) हा ४६५ ड्रायव्हरपासून केप्लर पिढीच्या आणि पुढच्या कार्डांसाठी संपला. त्याआधीच्या फर्मी पिढीची गाडी ३९१वर थांबली आहे, तिथे अजून केव्हीएम लपवावं लागतं. आणि गेस्ट एकदा चालून दुसऱ्यांदा सुरू होत नसेल तर कार्ड रीसेट होत नाहीये. एलएसपीसीआयमध्ये "एफएलआर" (फंक्शन लेव्हल रीसेट) पुढे उणे चिन्ह आहे का बघा. एएमडीच्या बऱ्याच कार्डांना यासाठी व्हेंडर-रीसेट नावाचं मॉड्यूल मिळतं.

वीज घालवून बघा

त्या दिवशी दुपारी दोनला पहिला नमुना लागला. पण मी लगेच निघाले नाही. आधी प्रमाणित संदर्भ नमुन्यावर तीन ठिणग्या पाडल्या आणि आकडे जुन्या नोंदवहीतल्या आकड्यांशी ताडून घेतले. कार्बन आणि सल्फरचे आकडे जुळेपर्यंत भट्टीच्या माणसाला मी होकार देत नाही. पडद्यावर रिपोर्ट येणं वेगळं आणि रिपोर्ट खरा असणं वेगळं.

मग मेन स्विच खाली केला. मशीन परत उठलं, "व्हर्श ऑटोस्टार्ट" (बूट होताच व्हीएम सुरू करण्याची आज्ञा) दिलेलं होतं, तरी व्हीएम उठली नाही. डीमेसगमध्ये पुन्हा तीच आयआरक्यू १६ची ओळ. अनबाइंडची आज्ञा मी सिस्टमडीच्या (बूट होताना कामं सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) छोट्या सर्व्हिसमध्ये ठेवली होती, पण ती लिबव्हर्टनंतर धावत होती. सर्व्हिसच्या फाइलमध्ये "बिफोर=लिबव्हर्टडी.सर्व्हिस" ही ओळ घातली. पुन्हा स्विच खाली, पुन्हा वर. असं तीनदा केलं. तिन्ही वेळा कुणी हात न लावता एक्सपी उठली आणि सॉफ्टवेअरने यंत्र ओळखलं.

कपाटाच्या दाराच्या आत एक कागद चिकटवला: कार्डाचा पत्ता, ग्रबची पूर्ण ओळ, बायोसमधल्या पर्यायाचं नाव, सेल बदलल्याची तारीख, कीबोर्ड फक्त निळ्या पोर्टात. शेवटची ओळ लॅबमधल्या मुलाने माझ्यासमोर लाल पेनाने पुन्हा एकदा गिरवली.